दिवेलागणीनंतर मूल कोणाकडे?

तिन्हीसांजेची वेळ ही मराठी घरात पूर्वीपासून मुलांची वेळ मानली गेली आहे. देवापुढे दिवा लागला, शुभंकरोती झाली, पाने मांडली गेली, की दिवसभर उंडारणारे पोर आपोआप घरातल्या कोणाच्या तरी मांडीशी येते. त्या वेळी मूल उंबऱ्याबाहेर असू नये, तान्ह्याला घेऊन वाटेवर जाऊ नये, असे वडीलधारी माणसे बजावीत असत. या सांगण्यास भुताखेतांची कारणे जोडली जात. परंतु कारण खोटे असले म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही. दिवस मावळू लागला की लहान मूल किरकिरे होते, ओळखीचा चेहरा शोधते आणि अनोळखी हात झिडकारते, हे प्रत्येक आईस ठाऊक आहे. प्रस्तुत भाषणाचा विषय याच वेळेशी निगडित आहे. कुटुंब सुट्टीसाठी घर सोडून एखाद्या विश्रामधामात, ज्यास हल्ली सर्वत्र रिसॉर्ट म्हणतात, जाऊन उतरते, तेव्हा ही वेळ कोणी सांभाळावयाची?

शनिवारी दुपारी भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उतरावे, म्हणजे हा प्रश्न चालता-बोलता दिसतो. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात मुलाचे मनगट, आणि डोळे बसच्या पाटीकडे, अशी कुटुंबे तेथे आढळतात. मिठागरे आणि खारफुटी मागे टाकीत रस्ता मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी अशी गावे घेत उत्तनला पोहोचतो. तेथून एक वाट पाली-चौकाकडे व दुसरी गोराई-मनोरीकडे जाते. चौकाजवळच्या ज्या धारावी किल्ल्यासाठी १७३९ साली, वसईच्या मोहिमेत, चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांशी झुंज दिली, त्याच्या आसपास आज मुंबईकर दोन दिवसांची हवा खाण्यास येतात. किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात, आणि शहरातून आलेले मूल प्रथम नाक दाबते व मग त्या माळा मोजू लागते.

या किनाऱ्यावरची करमणूक पुष्कळ वर्षे दिवसापुरतीच होती. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली निघाले आणि २०२२ साली बंद झाले. त्या तीन दशकांत मुंबई-ठाण्याची असंख्य मुले सकाळी होडीने खाडी ओलांडून तेथे गेली, पाळण्यांत बसली, भिजली, आणि संध्याकाळी पेंगत परतली. झोप मात्र घरच्याच अंथरुणावर होत असे. सहलीची संध्याकाळ घरी येत होती, म्हणून तिच्याविषयी कोणास वेगळा विचार करावा लागला नाही. जेव्हा कुटुंबे रात्रीचा मुक्काम करू लागली, तेव्हा ती संध्याकाळ किनाऱ्यावरच राहिली आणि तिला धनी हवा झाला.

मोठ्या विश्रामधामांनी यावर एक तोड काढली आहे. एक खोली मुलांसाठी राखून ठेवावयाची, तीत सतरंजी, ठोकळे, रंग आणि बहुधा एक पडदा असावयाचा. सायंकाळी सहा-सातच्या सुमारास आईबापांनी मूल तेथे आणून सोडावयाचे, वहीत नाव, वय व दूरध्वनी क्रमांक लिहावयाचा, मुलाच्या मनगटावर कागदी पट्टी बांधावयाची, आणि नऊ-दहाच्या सुमारास मूल परत न्यावयाचे. मधल्या वेळात आईबाप जेवतात, गाणे ऐकतात, किंवा समुद्राकडे तोंड करून नुसते बसतात. यास मुलांचा क्लब म्हणतात. ऐकणाऱ्यास प्रथम वाटते, की हे आईबापांचे सुखलोलुप होणे आहे. पूर्वीचे लोक माथेरान-महाबळेश्वरला जात, तेव्हा मुले आईबापांच्याच जवळ असत ना?

असत खरी, परंतु त्या सहलीत आईची सुट्टी कोठे होती, हे कोणी विचारीत नसे. भाड्याच्या बंगलीत बिऱ्हाड थाटले जाई. घरची चूल सोडून तिने परक्या चुलीपुढे बसावयाचे, तांदूळ-डाळीचे डबे बरोबर न्यावयाचे, पाणी तापवावयाचे, आणि पुरुषमंडळी व मोठी मुले फिरून आली की त्यांस गरम पोळी वाढावयाची. तिच्या वाट्याला हवापालट येई, काम पालटत नसे. शिवाय सोबतीला आजी किंवा आत्या असे, आणि दिवेलागणीस कावळ्या-चिमणीची गोष्ट सांगण्याचे काम तिच्याकडे आपसूक जाई. आज दोन खोल्यांच्या घरात राहणारे, दोघेही नोकरीस जाणारे आईबाप आजीला गावी ठेवून येतात. कधी आजीच नसते. अशा आईस वर्षातून दोन संध्याकाळी तोंडातला घास निवांतपणे खाता यावा, ही मागणी चैनीची म्हणता येत नाही. मागणी रास्त आहे. ती पुरविण्याची रीत कशी असावी, एवढाच प्रश्न उरतो.

ही रीत प्रथम धनिकांसाठी निघाली नाही, हे पुष्कळांस नवल वाटेल. इंग्लंडात बिली बटलिन या जत्रेतल्या खेळांच्या व्यावसायिकाने १९३६ साली स्केगनेस येथे समुद्रकाठी सुट्टीची छावणी उघडली. लहान लहान लाकडी खोल्या, सामाईक भोजनगृह आणि नाचाचा दिवाणखाना, असा तो प्रकार होता. गिऱ्हाईक गिरण्या-कारखान्यांतील कामकरी कुटुंबांचे. मुलांना खोलीत निजवून आईबाप नाचास जात. तेव्हा परिचारिका सायकलीवरून खोल्यांच्या रांगांतून फेऱ्या मारीत व कान देऊन ऐकत. कोठे रडणे ऐकू आले, की दिवाणखान्यातल्या फलकावर त्या खोलीचा क्रमांक झळके: अमुक क्रमांकात बाळ रडत आहे. बाई नाच अर्ध्यावर टाकून धावत जाई. या व्यवस्थेस आज हसू येईल. पण तीत एक प्रामाणिकपणा होता. मूल आईचेच आहे, परिचारिका फक्त कान उसना देते, असा तो करार होता.

कानाला अर्थात मर्यादा आहेत. रडणारे मूल कळते. उठून दार उघडणारे, घाबरून गप्प राहिलेले किंवा तापाने मलूल झालेले मूल कळत नाही. २००७ सालच्या मे महिन्यात पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुट्टीसाठी आलेल्या एका ब्रिटिश कुटुंबाची तीन वर्षांची मुलगी मुक्कामाच्या खोलीतून नाहीशी झाली. आईबाप हाकेच्या अंतरावरील भोजनगृहात होते व अधूनमधून पाहून जात होते. ती मुलगी आजतागायत सापडलेली नाही. त्या आईबापांस दोष देणाऱ्यांची जगात वाण पडली नाही. तथापि निजलेल्या मुलास एकटे सोडून फेऱ्या मारण्याची पद्धत किती नाजूक दोऱ्यावर लोंबकळत असते, ते त्या एका रात्रीने सर्वांस दाखविले.

दुसरी पद्धत मूल एका जागी आणून सांभाळण्याची. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने १९५० साली भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर तंबूंची वसाहत उभारून क्लब मेड ही संस्था चालू केली. तिने १९६७ साली मुलांसाठी वेगळा ‘मिनी क्लब’ काढला. तेव्हापासून ही कल्पना जगभरच्या समुद्रकाठांवर पसरली. हिंदुस्थानात महिंद्र समूहाने १९९६ साली सभासदत्वाच्या तत्त्वावर कुटुंबांसाठी सुट्टीची निवासस्थाने चालविण्यास प्रारंभ केला, आणि मुलांसाठी निराळी खोली व निराळा कार्यक्रम ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांच्या परिचयाची झाली. आता लहानसहान विश्रामधामांच्या जाहिरातींतही पोहण्याच्या तलावाच्या खालोखाल तिचा उल्लेख असतो.

अडचण अशी आहे, की ही खोली दिवसाच्या हिशेबाने मांडलेली असते. दिवसा मुलांस धावणे हवे असते, चुरस हवी असते. म्हणून तेथे शर्यती, सोंगे, नाच, बक्षिसे यांची योजना होते. संध्याकाळी तोच कार्यक्रम अधिक मोठ्या आवाजात आणि अधिक झगझगीत दिव्यांत पुढे चालविला जातो. मुले दमली की पडद्यावर व्यंगचित्रे लावली जातात आणि खोली एकदम शांत होते. ही शांतता फसवी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांच्या दिनचर्येविषयी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप असावी, पडद्यासमोरचा वेळ एक तासापेक्षा अधिक नसावा, आणि एक वर्षाच्या बाळास तो मुळीच नसावा, असे सांगितले आहे. झगझगीत प्रकाशाने झोप लांबते, हे तर मोठ्या माणसांच्याही अनुभवाचे आहे. आठ वाजता निजणारे पोर दहा वाजेपर्यंत पडद्यापुढे ताटकळले, की पुढे ते बारापर्यंत आईबापांस निजू देत नाही. आणि जी विश्रांती विकत घेतली, तिचे व्याज मध्यरात्री भरावे लागते.

याहून खोल गोष्ट भयाची आहे. तीन वर्षांच्या मुलास ‘नऊ वाजता येतो’ या वाक्याचा अर्थ लागत नाही. घड्याळ त्याच्या जगात अद्याप आलेले नसते. त्याला कळते ते एवढेच, की जागा नवी आहे, बाहेर काळोख आहे, समुद्राचा आवाज वाढला आहे आणि आई दाराबाहेर गेली. म्हणून ज्या आयांना या कामाची खरी जाण असते, त्या वेळ सांगत नाहीत, क्रम सांगतात: आधी आपण वरणभात खाऊ, मग हात धुऊ, मग हत्तीची गोष्ट होईल, आणि गोष्ट संपली की आई येईल. क्रम मुलास धरता येतो. त्याचप्रमाणे ज्या खोलीत संध्याकाळी राहावयाचे, ती मुलाने दिवसाउजेडी, आईचे बोट धरून एकदा पाहिलेली असावी; सकाळी जी बाई वाळूत किल्ला करीत होती, तीच सायंकाळी असावी; घरची एखादी मऊ गोधडी किंवा मळके झालेले बाहुले बरोबर असू द्यावे, मग ते विश्रामधामाच्या शोभेस कितीही न शोभो. यांतील एकाही गोष्टीस फारसा पैसा लागत नाही. लागते ती बाई, आणि बाई पुष्कळ मुलांत वाटली गेलेली नसावी. इंग्लंडातील शिशुगृहांच्या नियमांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक, व तीन वर्षांवरील आठ मुलांमागे एक सांभाळणारे माणूस लागते. भरल्या शनिवारी वीस-पंचवीस मुले एका तरुण मुलीच्या स्वाधीन करणारी खोली कितीही रंगविलेली असली, तरी तिला कोंडवाडा म्हणणेच योग्य होईल.

या विद्येसाठी परदेशांकडे पाहण्याचे फारसे कारण नाही. भाईंदर ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, आता पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या बोर्डी व कोसबाड येथे, परक्या मुलांस आपलेसे करण्याचे शास्त्र दोन बायांनी घडविले. ताराबाई मोडक या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसोरी बाईंचे तत्त्व त्यांनी मुळापासून अभ्यासिले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. माँटेसोरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. तेव्हा बिया, शंख-शिंपले, माती, पाने यांपासून साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून मुलांच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने देशभर जी बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले. विश्रामधामातील खोली सजविणाऱ्यांनी प्लास्टिकचे किल्ले मागविण्याआधी दाराबाहेरच्या वाळूत पडलेल्या शिंपल्या उचलून पाहाव्यात, असे म्हणावयास हरकत नाही.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना या बायांस दोन उत्तरे मिळाली. मोठी मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी गुरे चरत होती तेथेच कुरणशाळा भरली. आणि मुली धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन बसत, कारण आया मजुरीस गेलेल्या असत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र करून ‘विकासवाडी’ केली. तान्हे पाळण्यात गेले, तेव्हा त्याची आठ वर्षांची ताई मोकळी होऊन पाटीपुढे बसली. शिकवावयाचे होते ताईला, परंतु वाट पाळण्यातून जात होती. मूल सांभाळण्याचा विचार करावयाचा, तर जी सांभाळते तिचाही विचार त्यातच आला, हे कोसबाडच्या टेकडीवर अशा रीतीने प्रत्यक्ष करून दाखविले गेले. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंस १९८५ साली पद्मश्री मिळाली. सन्मान झाले; अनुकरण मात्र त्या मानाने थोडे झाले.

विश्रामधामांच्या सायंकाळच्या खोलीत आज कोण बसते? बहुधा जवळपासच्या गावांतील किंवा भाईंदरच्या चाळी-इमारतींतील तरुण बाई. तिचेही एखादे मूल असते, आणि तिचीही तिन्हीसांज त्याच वेळी होते. उत्तनच्या कोळीवाड्यात ही गोष्ट नवी नाही. बाया पहाटे मासळी घेऊन बाजारास निघत, तेव्हा मूल आजीकडे राही. परंतु संध्याकाळी, चर्चची घंटा झाली आणि घरोघर रोजरीची प्रार्थना सुरू झाली, की आई घरी असे. मासळीच्या धंद्याने सकाळ घेतली होती. विश्रामधामाचा धंदा संध्याकाळ मागतो.

असल्या कामाचा एक जुना इतिहास आहे आणि तो विसरण्याजोगा नाही. इंग्रजी अमदानीत साहेबांची कुटुंबे विलायतेस निघाली, की बोटीवर मुले सांभाळण्यास हिंदी आया बरोबर नेत. बोट लंडनला लागली, मुले आजीआजोबांच्या हवाली झाली, की कित्येक आयांस परतीचे तिकीट न देताच रजा मिळे. अशा निराधार बायांसाठी लंडनच्या हॅक्नी भागात एक निवास चालत असे. २०२२ साली त्या इमारतीवर स्मृतिफलक लावण्यात आला. मुलांस प्राणापलीकडे जपणाऱ्या त्या बायांची नावे बोटींच्या कागदांत बहुधा नाहीत. मेमसाहेबांच्या नावापुढे नुसते ‘आणि आया’ एवढेच लिहिलेले असे.

आज कायद्याने काही आधार दिला आहे. पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी व आईस दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, अशी तरतूद प्रसूतिलाभाच्या कायद्यात २०१७ साली झाली व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती घेण्यात आली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, रात्री साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचे तर तिची संमती घेतली पाहिजे, आणि तिच्या संरक्षणाची व घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था मालकाने केली पाहिजे, असे ठरविले. हा साडेनऊचा आकडा मुलांच्या सायंकाळच्या खोलीशी नेमका भिडतो. मूल नऊला न्यावयाचे असते. भोजनगृहात गाणे रंगते, मित्रमंडळी भेटतात, आणि आईबाप पावणेदहाला येतात. त्यांच्या लेखी तो पाऊण तास म्हणजे एक पान-सुपारी. त्या बाईच्या लेखी ती चुकलेली बस असते.

म्हणून जी गृहिणी असल्या ठिकाणी जागा राखण्यासाठी दूरध्वनी करते, तिने तलावाची खोली आणि नाश्त्याचे पदार्थ विचारून झाल्यावर आणखी चार प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. खोलीत किती मुलांमागे किती बाया असतात. सकाळची बाई सायंकाळी असते काय. तिची पोलिसांकडून चौकशी झालेली आहे काय. आणि रात्री ती घरी कशी जाते. पहिले दोन प्रश्न मुलाच्या मनासाठी आहेत आणि तिसरा त्याच्या शरीराच्या रक्षणासाठी. २०१२ साली मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्याची निकड दिसते. चौथा प्रश्न ऐकून पलीकडचा कारकून थोडा वेळ थांबेल. त्यास तो प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो. परंतु जिची घरी जाण्याची सोय आहे, तीच बाई महिनोन्महिने टिकते, आणि टिकलेली बाईच मुलाच्या ओळखीची होते. ज्या खोलीत दर शनिवारी नवी मुलगी दिसते, तेथे क्रम सांगणारे आणि गोष्ट पुरी करणारे कोणी उरत नाही.

रविवारच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, अशा एखाद्या विश्रामधामाच्या दाराशी दोन मुले एकाच वेळी डोळ्यांपुढे आणता येतात. एक बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेले असते. त्याची एक चप्पल वाळूत पडलेली असते आणि आई ती उचलण्यास वाकते. दुसरे तेथे नसते. ते डोंगरीच्या किंवा राईच्या एखाद्या घरात शेजारणीच्या दाराशी बसलेले असते. खोलीतली बाई सतरंजी झटकते, वहीतल्या नावांपुढे खुणा करते, उरलेला वरणभात डब्यात भरते आणि दिवा मालवते. फाटकापाशी गाडी उभी असली तर ती पंधरा मिनिटांत घरी पोहोचते, आणि हत्तीची गोष्ट त्या रात्री दुसऱ्यांदा सांगितली जाते.